घरबसल्या रेड की मैदानात जाऊन? पोकेमॉन गोचे खेळाडू नेमके कशावर चिडलेत

बुधवारी संध्याकाळी सहा वाजता एखाद्या मोठ्या शहरातल्या बागेपाशी थांबून बघा. दहा-बारा जण फोनमध्ये डोकं घालून उभे दिसतील. एकमेकांची नावं त्यांना माहीत नसतात, पण 'किती जण आहेत लॉबीत?' हा प्रश्न मात्र सगळे विचारतात. हा पोकेमॉन गोचा रेड अवर. दर बुधवारी स्थानिक वेळेप्रमाणे सहा ते सात, आसपासच्या बहुतेक जिमवर एकच मोठा बॉस येतो आणि लोक एका जिमवरून दुसऱ्या जिमवर चालत सुटतात. मी स्वतः पुण्यात हे बऱ्याचदा केलंय. मजा येते, खोटं कशाला बोलू.

आता याच बुधवारी, याच वेळी, तालुक्याच्या गावातला एक खेळाडू डोळ्यासमोर आणा. गावात दोन जिम. एक देवळापाशी, एक एसटी स्टँडजवळ. बॉस तिथेही आलाय, तोच, तेवढ्याच ताकदीचा. फरक एवढाच की लॉबीत तो एकटा आहे. काउंटर १२० सेकंदांवरून खाली येतो आणि दुसरं कुणीच येत नाही.

गेली काही वर्षं या गेमच्या खेळाडूंची जी चिडचिड चालू आहे, ती या दोन चित्रांमधली आहे. वरवर बघितलं तर भांडण पासच्या किमतीचं वाटतं. पण मुळात ते रेड कशासाठी बनवलीय आणि कुणासाठी बनवलीय याचं आहे. गेम बनवणाऱ्याने एक उत्तर धरलं, खेळणाऱ्यांनी दुसरं. आणि मध्ये आली २०२० ची महामारी.

आधी थोडं गणित

ज्यांनी गेम खेळलेला नाही त्यांच्यासाठी: रेड म्हणजे एका जिमवर ठरावीक वेळासाठी बसलेला ताकदवान पोकेमॉन. तिथे जमलेले खेळाडू मिळून त्याला हरवतात, मग प्रत्येकाला तो पकडायची संधी मिळते. हे फीचर जून २०१७ मध्ये आलं, आणि दुर्मीळ म्हणजे लेजंडरी पोकेमॉन मिळवायचा मुख्य रस्ता तेव्हापासून हाच.

पाच स्टारच्या बॉसची शक्ती १५,००० एचपी असते आणि वेळ मिळतो ३०० सेकंद. भागाकार करा. दर सेकंदाला ५० एवढं नुकसान सतत करायला हवं, तर बॉस वेळेत पडतो. टीम चांगली तयार असेल तर एक खेळाडू साधारण १५ ते २० पर्यंत जातो. म्हणजे मुरलेले तीन-चार जण हवेत, नवखे असतील तर सहा-सात. बॉस कोणता आहे, हवामान काय आहे, यावर आकडा थोडा हलतो. काही बॉस दोघांतही पडतात. पण एकट्याने? बहुतेक वेळा नाहीच.

ही १५,००० ची संख्या लॉबीत किती जण आहेत ते बघून बदलत नाही. एक असो की वीस, बॉस तोच. डिझाइनच्या भाषेत ही भिंत मुद्दाम बांधलेली आहे. उद्देश स्पष्ट होता: तुम्ही घराबाहेर पडावं, दुसऱ्या खेळाडूला शोधावं. कंपनीचे संस्थापक जॉन हँके सुरुवातीपासून हेच सांगत आलेत की गेम लोकांना चालायला लावण्यासाठी आणि एकत्र आणण्यासाठी आहे. हेतू चांगला, पण त्यात एक गृहीतक दडलेलं आहे: बाहेर पडलं की तिथे कुणीतरी असणार.

आणि जिम कुठे असतात? हा भाग मला इंजिनिअर म्हणून जास्त रंजक वाटतो. नायँटिक कंपनीचा याआधीचा गेम होता इनग्रेस. त्यातल्या खेळाडूंनी पुतळे, देवळं, बागा, भित्तिचित्रं अशा जागा सुचवल्या होत्या. पोकेमॉन गोचा नकाशा त्याच जागांवर उभा राहिला. पुढे खेळाडूंनाच नव्या जागा सुचवायची सोय मिळाली. नकाशाचे चौकोनी तुकडे पाडलेले असतात. खेळाडूंनी वर्षानुवर्षं निरीक्षण करून काढलेला नियम असा: साधारण अर्धा किलोमीटर बाजूच्या एका चौकोनात दोन जागा झाल्या की एक जिम, सहा झाल्या की दोन, वीस झाल्या की तीन.

म्हणजे जिथे आधी खेळाडू जास्त, तिथे जागा जास्त. जिथे जागा जास्त तिथे जिम जास्त, जिम जास्त म्हणून रेड जास्त, म्हणून खेळाडू अजून जास्त. गावाकडे हे चक्र उलटं फिरतं. जागा सुचवायला एका लेवलच्या वर जावं लागतं, आणि लेवल वाढवायला जागा लागतात. भारतात गेम अधिकृतपणे आला डिसेंबर २०१६ मध्ये, रिलायन्स जिओसोबत. तेव्हा जिओची दुकानं पोकेस्टॉप आणि जिम बनली होती. त्यामुळे नकाशात थोडी भर पडली, पण मूळ असमतोल तसाच राहिला.

पास आला आणि भिंत पडली

एप्रिल २०२० मध्ये जग घरात बंद होतं. चालण्यावर उभा असलेला गेम आणि चालायला बंदी. तेव्हा नायँटिकने रिमोट रेड पास आणला. नकाशावर दिसणाऱ्या जिमची रेड घरबसल्या खेळता यायला लागली. काही महिन्यांत पुढची सोय आली: रेडच्या लॉबीतून मित्राला आमंत्रण पाठवायचं, तो जगात कुठेही असो.

या दुसऱ्या सोयीने सगळं बदललं. एरवी आपण याला 'इन्व्हाइट बटण' म्हणून सोडून देऊ, पण सिस्टिम म्हणून बघा. आधी प्रत्येक जिम हा वेगळा छोटा बाजार होता. त्या वेळी त्या जागी हजर असणारे तेवढेच गिऱ्हाईक. आमंत्रण आलं आणि सगळ्या जगाचे जिम जोडले जाऊन एकच बाजार झाला. टोकियोत सकाळ झाली की तिथल्या रेड सुरू, मग आपल्याकडे, मग युरोप, मग अमेरिका. लॉबी जुळवून देणारी बाहेरची अॅप आली, त्यात रांगेत उभं राहायचं की पाच मिनिटांत कुणाच्या तरी रेडमध्ये प्रवेश. रात्री अकरा वाजता अंथरुणात पडून न्यूयॉर्कमधला बॉस मारायचा.

तालुक्याच्या गावातला तो खेळाडू आठवतोय ना? पहिल्यांदाच त्याच्या देवळापाशी आलेल्या बॉसची लॉबी भरायला लागली, कारण तो स्वतःच जगभरच्या पाच मित्रांना बोलवू शकत होता. त्याच्याकडे लेजंडरी पोकेमॉन यायला लागले. व्हीलचेअरवर असलेल्यांना, रात्रपाळी करणाऱ्यांना, घरात लहान बाळ असलेल्यांना हा पास म्हणजे गेमचं दार होता. महामारीपुरती तात्पुरती सोय म्हणून आलेली गोष्ट अनेकांसाठी मुख्य गेम झाली.

इथे अजून एक घटना घडली जिच्याबद्दल कमी बोललं जातं. नोव्हेंबर २०२० च्या अखेरीस गेमची कमाल लेवल ४० वरून ५० झाली आणि कँडी एक्सएल नावाची नवी वस्तू आली. एक पोकेमॉन ४० वरून ५० ला न्यायला २९६ कँडी एक्सएल लागतात. लेजंडरी रानात सहसा सापडत नाही, मग ही कँडी आणायची कुठून? मुख्यतः रेडमधून. एका रेडमधून हाती येतात मोजक्याच. म्हणजे एका पोकेमॉनसाठी डझनांनी रेड. ही भूक कंपनीनेच तयार केली, तीही अशा वेळी जेव्हा रिमोट पास हातात होता आणि लोक घरात होते. मग काही लोक एका बॉसच्या पन्नास-पन्नास, शंभर-शंभर रेड करायला लागले यात आश्चर्य कसलं?

६ एप्रिल २०२३

३० मार्च २०२३ ला घोषणा झाली आणि ६ एप्रिलपासून लागू झाली. एका रिमोट पासची किंमत १०० कॉइनवरून १९५. तीन पासच्या गठ्ठ्याची ३०० वरून ५२५. आणि दिवसाला जास्तीत जास्त पाच रिमोट रेड. समोर जाऊन रेड खेळणाऱ्यांना कँडी एक्सएल जास्त मिळणार, अशी गोड बाजूही होती. कंपनीचं म्हणणं थोडक्यात असं: रिमोट रेडने गेमवर एवढा ताबा मिळवलाय जेवढा आम्हाला कधीच अपेक्षित नव्हता, आणि गेमच्या दीर्घकाळच्या तब्येतीसाठी हे करणं भाग आहे.

किंमत रुपयांत सांगण्यापेक्षा फुकट कॉइनमध्ये मोजू, कारण आपल्याकडचे बहुतेक जण तसंच खेळतात. जिममध्ये पोकेमॉन बसवून दिवसाला जास्तीत जास्त ५० कॉइन मिळतात. पूर्वी दोन दिवसांच्या कमाईत एक रिमोट पास यायचा. आता जवळपास चार दिवस. तीन पासांसाठी पूर्वी सहा दिवस, आता साडेदहा. आणि हे कमाल ५० रोज मिळाले तर. ज्याच्या गावात दोनच जिम आहेत आणि दोन्हींवर त्याच्याच टीमचा रंग आहे, त्याला आत बसवलेला पोकेमॉन कुणी बाहेर काढेपर्यंत कॉइन मिळतच नाहीत. कारण कॉइन हातात येतात ते पोकेमॉन हरून परत आल्यावर. गावात हरवायला कुणी नाही, म्हणून कमाई नाही. हा विनोद नाही, नियमच तसा आहे.

'हिअर अस नायँटिक' हा हॅशटॅग पुन्हा फिरला. पुन्हा म्हणतोय, कारण तो २०२१ चा. त्या वर्षी १ ऑगस्टला अमेरिका आणि न्यूझीलंडमध्ये कंपनीने पोकेस्टॉप-जिमपर्यंत पोचायचं अंतर ८० मीटरवरून परत ४० मीटर केलं होतं. ८० मीटर ही महामारीतली सवलत होती. बहिष्कार झाले, खुलं पत्र निघालं, मोठे यूट्यूबर एकत्र आले आणि त्याच महिन्याच्या शेवटी कंपनीने माघार घेऊन ८० मीटर कायमचे केले.

मग २०२१ मध्ये ऐकलं आणि २०२३ मध्ये का नाही? माझं मत असं की ८० मीटर मान्य करण्यात कंपनीचं काही जात नव्हतं. माणूस तरीही बाहेरच होता, फक्त रस्त्याच्या या बाजूला उभा होता. रिमोट रेडमध्ये माणूस बाहेर पडतच नव्हता. पहिली मागणी तपशिलाची होती, दुसरी थेट गेमच्या मूळ कल्पनेला हात घालणारी.

'लोभ' हे उत्तर अर्धंच बरोबर

इंटरनेटवर सगळ्यात सोपं उत्तर म्हणजे कंपनी लोभी आहे. मला ते पटत नाही, निदान पूर्ण पटत नाही. किंमत वाढवणं लोभ म्हणता येईल. पण दिवसाला पाचची मर्यादा? जे खेळाडू महिन्याला सगळ्यात जास्त पैसे टाकत होते, नेमक्या त्यांनाच कंपनीने सांगितलं की आमच्याकडून अजून विकत घेऊ नका. लोभी दुकानदार असं करत नाही.

दोन वेगळ्या गोष्टी एका घोषणेत बांधल्या गेल्या आणि त्यांचा फटका दोन वेगळ्या लोकांना बसला. मर्यादा लागली ती भरपूर खेळणाऱ्याला. किंमत लागली ती आठवड्याला दोन-तीन रेड करणाऱ्याला, ज्याला पाचची मर्यादा कधी जाणवलीच नसती. गेमवर रिमोटचा 'ताबा' होता तो पहिल्या गटामुळे. दुसरा गट, म्हणजे गावाकडचा, घरात अडकलेला, फुकटात खेळणारा, त्याने कुठलाच ताबा घेतलेला नव्हता. फक्त मर्यादा आणली असती, अगदी पाचची सुद्धा, आणि किंमत १०० च ठेवली असती, तर कंपनीचा म्हटलेला उद्देश बराचसा साधला असता. हा मुद्दा तेव्हाच्या गदारोळात बुडून गेला याचं मला अजूनही वाईट वाटतं.

इथे ऑफिसातला एक किस्सा सांगतो, कंपनीचं नाव राहू दे. आम्ही एक डॅशबोर्ड बनवला होता, चकचकीत, तक्ते, रंग, सगळं. कोपऱ्यात एक छोटं बटण होतं, एक्सेल डाउनलोडचं. सहा महिन्यांनी लॉग काढले तर लोक लॉगिन करून थेट ते बटण दाबून बाहेर पडत होते. वरिष्ठांचं म्हणणं, हे बटण डॅशबोर्ड खातंय, दिवसाला एकदाच चालेल असं करा. केलं. दुसऱ्या दिवशी तक्रारींचा पाऊस. मग एका मुलीने ग्राहकांना फोन करून विचारलं, तेव्हा कळलं की त्यांच्या ऑफिसातल्या नेटवर डॅशबोर्ड उघडायलाच दीड मिनिट लागत होतं. लोकांना एक्सेलचं प्रेम नव्हतं. आमचं मुख्य उत्पादन त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हतं.

रिमोट पासचंही मला तसंच दिसतं. एखादी आडवाट हमरस्त्यापेक्षा जास्त वापरली जात असेल तर आडवाट बंद करण्याआधी हमरस्त्यावर खड्डे किती आहेत ते बघायचं असतं. बाहेर जाऊन खेळायची रेड सोपी, जवळ आणि लोकांनी भरलेली असती तर रिमोट एवढा वापरला गेला असता का?

त्यानंतरची दिशा

एका निर्णयावर विषय संपला असता तर हा लेख लिहिला नसता. पण रेडची पुढची फीचर बघितली तर एक सरळ रेष दिसते.

एप्रिल २०२३ च्या आधीच, ऑक्टोबर २०२२ मध्ये एलिट रेड आल्या होत्या. अंडं २४ तास जिमवर बसतं, मग ठरलेल्या वेळी फुटतं, आणि जागेवर हजर राहूनच खेळायचं. रिमोट पास चालत नाही. कल्पना अशी की २४ तास आधी कळलं तर लोक ठरवून जमतील. शहरात जमले. बाकी ठिकाणी जमायला माणसंच नव्हती. २४ तास आधी कळलं काय आणि महिनाभर आधी कळलं काय!

मे २०२३ मध्ये शॅडो रेड आल्या, त्याही सुरुवातीला फक्त समोर जाऊन. त्यात बॉस मध्येच चवताळतो आणि त्याला शांत करायला सगळ्यांनी मिळून शुद्धीकरणाचे जेम वापरावे लागतात. फीचर म्हणून मला आवडलं, कारण फक्त स्क्रीनवर बोट आपटत राहण्यापेक्षा इथे थोडं डोकं लागतं. पण शॅडो म्युटूसारखा बॉस एका वीकेंडला येतो आणि जातो. ज्याच्याकडे पाच-सहा जण नाहीत, त्याचा तो वीकेंड गेला.

ऑक्टोबर २०२३ मध्ये पार्टी प्ले आलं: चार जणांपर्यंतचा गट, जवळजवळ राहून खेळायचं, रेडमध्ये एकत्र असाल तर चार्ज्ड हल्ल्याला दुप्पट जोर. हे मला योग्य वाटतं. एकत्र आलात तर बक्षीस, नाही आलात तर जे होतं ते आहेच. कुणाचं काही काढून घेतलेलं नाही.

आणि मग सप्टेंबर २०२४ मध्ये मॅक्स बॅटल, ऑक्टोबरच्या शेवटी जायगँटामॅक्स. व्हीनसॉर, चारिझार्ड आणि ब्लास्टॉइज हे तीन ओळखीचे चेहरे राक्षसी आकारात. लॉबीत ४० जणांपर्यंत, चार-चारच्या गटांत विभागलेले, आणि कंपनीचीच शिफारस १० ते ४० खेळाडूंची. शिवाय जुनी टीम इथे चालत नाही. डायनामॅक्स होऊ शकणारे वेगळे पोकेमॉन आधी पकडून वाढवायचे, त्यासाठी मॅक्स पार्टिकल गोळा करायचे, आणि त्यावर रोजची मर्यादा. पहिल्या वीकेंडला जगभर तक्रारींचा सूर एकच होता: माणसं जमली तरी हरतोय, आणि माणसं जमतच नाहीयेत.

वर सांगितलेलं १५,००० चं गणित इथे अजून बिघडलं. सहा जण शोधताना दमछाक होणाऱ्याला दहा जण शोधायला सांगितले.

एमएमओ गेममधला हा वाद जुना आहे, हेही सांगायला हवं. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या सुरुवातीच्या काळात रेडसाठी ४० जण लागायचे. २०११ मध्ये ब्लिझर्डने रेड फाइंडर आणला, अनोळखी लोकांची टीम आपोआप जुळवून देणारा. तेव्हाही जुने खेळाडू ओरडले की रेडची किंमत गेली, आणि बाकीचे म्हणाले की आम्ही पहिल्यांदा रेड आतून बघितली. फरक असा की तिथे ४० जण शोधायला घरातली खुर्ची सोडावी लागत नव्हती.

बाहेर कोण पडू शकतं?

'बाहेर पडा, माणसांना भेटा' हे ऐकायला छान आहे. पण ते कुणाला सांगतोय? माझ्या ओळखीच्या एका मुलीने रेड ग्रुपवर येणं बंद केलं, कारण संध्याकाळी सातनंतर अनोळखी वीस जणांत उभं राहणं आणि आपलं लोकेशन त्यांना कळणं तिला नको होतं. तिला गेम आवडत होता. रिमोट पासवर ती महिन्याला पाच-सहा रेड करायची. अशा खेळाडूसाठी समोर जाण्याचा बोनस कितीही वाढवा, उपयोग शून्य. बुधवारी सहा ते सात ही वेळही बघा. आपल्याकडे त्या तासाला निम्मे लोक ऑफिसात असतात आणि उरलेले ट्रॅफिकमध्ये.

आणि सगळ्यात विचित्र भाग: समोर जाऊनच खेळायच्या रेडचा फायदा कुणाला होतो? शहरवाल्यांना, हो. पण त्यांच्याइतकाच फोनचं जीपीएस फसवणाऱ्यांना. नियमाप्रमाणे हे चुकीचं आहे, अकाउंट बंद होतं, तरीही ते चालतं. असा माणूस घरात बसून कुठल्याही शहरातल्या एलिट रेडमध्ये 'समोर' हजर असतो, आणि प्रामाणिक गावकरी खेळाडू बाहेर राहतो. सिस्टिममध्ये नियम घालताना आम्ही एक प्रश्न विचारतो: हा नियम पाळणाऱ्याला जास्त त्रास देतो की मोडणाऱ्याला? इथलं उत्तर कंपनीला आवडण्यासारखं नाही.

मग करायचं काय? लोक म्हणतात, लॉबीत जितके जण त्या प्रमाणात बॉसची शक्ती कमी करा. ऐकायला सोपं, पण तेवढं सोपं नाही. एकट्याला बॉस सोपा झाला की जमलेल्या लोकांनाही वेगवेगळं खेळणं फायद्याचं ठरेल. बागेपाशी दहा जण उभे राहतील आणि दहा वेगळ्या लॉबीत खेळतील. म्हणजे जे वाचवायचं होतं तेच मरेल. त्यापेक्षा मला जागेप्रमाणे बदलणारा बॉस जास्त पटतो. एखाद्या जिमवर गेल्या महिन्यात सरासरी किती जण आले हे सर्व्हरला माहीत असतंच. जिथे सरासरी दोन आहे तिथे बॉस दोघांत पडेल असा ठेवा. पळवाटा यातही निघतील, लोक मुद्दाम शांत जिम शोधत फिरतील. पण फिरतील म्हणजे चालतील, आणि तेच तर हवं होतं ना? दुसरा उपाय त्याहून साधा: दिवसाचा पहिला रिमोट पास स्वस्त, पुढचे महाग. जो दिवसाला एकच रेड करतो त्याच्यावर बोजा नाही, जो पाच करतो त्याने जास्त द्यावं.

आता गेम कुणाच्या हातात आहे

१२ मार्च २०२५ ला जाहीर झालं की नायँटिक आपला गेमचा व्यवसाय स्कोपली कंपनीला ३.५ अब्ज डॉलरला विकतेय, आणि मे २०२५ मध्ये व्यवहार पूर्ण झाला. स्कोपली ही सौदी अरेबियाच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीच्या सॅव्ही गेम्स ग्रुपची. नकाशा आणि एआरचं काम नायँटिक स्पेशियल नावाच्या वेगळ्या कंपनीत गेलं. गेम बनवणारी टीम मोठ्या प्रमाणात तीच राहिली, पण मालक बदलला.

याने रेडवर काय फरक पडेल? नायँटिकला लोक बाहेर हवे होते यामागे तत्त्वज्ञान होतं, हे मी मानतो. त्याशिवाय धंद्याचं कारणही असणार असा माझा अंदाज आहे, कारण प्रायोजक दुकानांपाशी आणि नकाशासाठी स्कॅन करायला माणूस प्रत्यक्ष हजर असावा लागतो. स्कोपलीचा पिंड वेगळा, मोनोपॉली गो सारख्या मोबाइल गेमचा. तिला माणूस बागेत उभा आहे की पलंगावर, याने फारसा फरक पडायचं कारण नाही. विक्रीच्या सुमारासच दार थोडं किलकिलं झालं होतं. २०२५ मध्ये मॅक्स बॅटलमध्ये रिमोट पासवर सामील होता येऊ लागलं, पुढे शॅडो रेडही. मोठ्या इव्हेंटला रिमोट रेडची मर्यादा तात्पुरती वाढवली जाते.

गावाकडच्या खेळाडूला आनंद होईल, व्हायलाही हवा. मला मात्र थोडी धाकधूक वाटते. मर्यादा सैल होतेय, ती 'तुम्हालाही खेळता यावं' म्हणून की 'तुम्ही जास्त पास घ्यावेत' म्हणून, हे कळायला एक सोपी खूण आहे: मर्यादा वाढतेय की किंमत उतरतेय? मर्यादा वाढली तर फायदा खूप पैसे टाकणाऱ्याचा. किंमत उतरली तर फायदा आठवड्याला दोन रेड करणाऱ्याचा. २०२३ मध्ये दोन्ही दारं एकत्र बंद झाली होती. उघडताना आतापर्यंत हललंय ते बहुतेक मर्यादेचंच दार.

पुढच्या सीझनची घोषणा आली की बॉस कोण आहे हे सगळेच बघतील. तुम्ही खालच्या बारीक अक्षरांत दोन गोष्टी शोधा: रिमोट पासची किंमत, आणि जायगँटामॅक्ससाठी शिफारस केलेली माणसांची संख्या. आणि शहरात असाल, बुधवारी लॉबीत जागा रिकामी असेल, तर काउंटर शंभरच्या खाली जायच्या आत फ्रेंडलिस्टमधल्या एखाद्या गावाकडच्या मित्राला आमंत्रण टाका. त्याचा पास जाईल, पण निदान बॉस पडेल.